देवीच्या नाकाला चप्पल

आधीच सांगून टाकते, देवळात जे घडलं त्यातलं मला काहीही आठवत नाही. ते मी दहा जणांकडून ऐकलं आणि दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. माझ्याकडे पुरावे दोनच. माझ्या जिभेच्या डाव्या कडेवरचा व्रण, आणि माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट, जे आता नीट वाकत नाही. दोन्ही माझ्याच दातांचे प्रताप.

हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या बायकांसाठी. म्हणजे घाबरट नसलेल्या, आणि आपण घाबरत नाही याचा तोरा मिरवणाऱ्या. घाबरट बाई वेळेवर दवाखाना गाठते. पंचाईत होते ती आमची.

मी तळेगावच्या एका शाळेत पीटी शिकवते. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायचे. डावा कोपरा सांभाळायचा आणि चढाईवाल्याचा घोटा धरायचा, हे माझं काम. एकदा नाकाचं हाड मोडलं तरी घोटा सोडला नव्हता, ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवायचे. शरीराला धाकात ठेवलं की ते मुकाट ऐकतं, असा माझा पक्का समज होता.

लग्न करून पवनानगरच्या वाटेवरच्या एका गावात आले. नवरा महेश धरणाच्या कडेला पर्यटकांसाठी तंबू लावतो. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. या आत्यांच्या अंगात वारं यायचं, म्हणजे देवी यायची. नवरात्रात आणि जत्रेला वाघजाईच्या देवळात त्या घुमायच्या आणि अख्खा गाव त्यांच्यापुढे बसून प्रश्न विचारायचा. हरवलेली म्हैस कुठे गेली, पोरीचं लग्न कधी जमेल. एरवी ही बाई भात लावायची, कोंबड्या राखायची आणि माझ्याशी भांडायची. मला ते घुमणं शुद्ध अडाणीपणाचं वाटायचं. कारण मी शिकलेली, आणि माझं अध्यात्म क्लासमधलं होतं.

वर्ग

तळेगावात गर्भसंस्काराचा वर्ग होता. दर शनिवारी सकाळी दहा-बारा पोटुशा बायका सतरंजीवर बसायच्या. श्वास घ्यायचा, मंत्र म्हणायचा, पोटावर हात ठेवून बाळाशी बोलायचं. वर्ग घेणाऱ्या ताई फार गोड होत्या. “वेदना म्हणजे दुसरं काही नाही, मनातली भीती आहे,” असं त्या सांगायच्या. मला ते लगेच पटायचं, कारण नाकाचं हाड मोडूनही मी तेच म्हणत आले होते.

आणि खोटं कशाला बोलू, मला तिथे बरं वाटायचं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्या दिवसांत कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा असं फार वाटायचं. ताई फिरवायच्या.

वर्गात प्रत्येकीने एक संकल्प लिहायचा होता. ‘मी नैसर्गिक प्रसूतीच स्वीकारीन.’ मी तो लाल शाईने लिहिला आणि घरी देव्हाऱ्यात ठेवला. सिझर झालेल्या बाईबद्दल वर्गात आवाज खाली आणून बोलत, मयताची बातमी सांगावी तसं. मी मनात म्हणायचे, हिने घोटा सोडला.

नकाराचा कागद

आठव्या महिन्याच्या शेवटी लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी बीपी मोजलं. मग पट्टा सोडून पुन्हा मोजलं. माझ्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो भरायला वेळ लागला.

“आजच ॲडमिट व्हा,” त्या म्हणाल्या. “बीपी फार वाढलंय आणि बाळ वाढीत मागे आहे. असंच राहिलं तर बाळ लवकर काढावं लागेल. बहुतेक सिझर करूनच.”

मी म्हटलं, “मॅडम, रोज कुणाला तरी कापल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही का?”

हे मी खरंच म्हणाले. शब्द अन् शब्द आठवतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. पुन्हा एकदा समजावलं, जिवावर बेतेल इथपर्यंत सांगितलं. मग एका कागदावर ‘पेशंटने भरती होण्यास नकार दिला’ असं लिहून माझ्यापुढे सरकवला. मी झोकात सही ठोकली. वर गोळ्या दिल्या होत्या, त्याही घेतल्या नाहीत. गोळी घेतली तर संकल्पावर माझाच विश्वास नाही असं होईल, हे माझं तेव्हाचं गणित. महेशला सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. कागदाची माझी प्रत घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

चार दिवसांनी सकाळी ध्यानाला बसले होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे एकदम उजेड फुटला. बारीक, चंदेरी, भराभर उडणाऱ्या ठिणग्या. मी थरारले. ताईंना फोन केला.

“बाळाचं तेज दिसलं गं तुला,” ताई म्हणाल्या. “वर्षात एखादीलाच दिसतं.”

मी आनंदाने रडले. डोकं घणाचे घाव बसल्यासारखं ठणकत होतं, तेही मी त्या तेजाच्या खात्यावर टाकलं. आज डॉक्टर सांगतात की त्या ठिणग्या म्हणजे माझा मेंदू सुजत चालल्याची खूण होती. ताईंवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. बीपीचं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

देऊळ

नववा लागला त्या रविवारी डोहाळजेवण होतं. आधी वाघजाईची ओटी भरायची, मग माझी, अशी गावची रीत. सकाळी अकराच्या सुमाराला हिरवी साडी नेसून, दंडात फुलांचे बाजूबंद घालून मी देवळात गेले. सोबत वीस-पंचवीस माणसं. धूप पेटला होता, हलगी वाजत होती. इथपर्यंत मला आठवतं. पुढचं ऐकीव आहे.

देवीपुढे नारळ ठेवायला मी वाकले आणि तशीच कोसळले. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, हात आतल्या बाजूला वळले. मग सगळं अंग आपटायला लागलं. डोकं गाभाऱ्याच्या दगडी पायरीवर बसत होतं आणि तोंडातून लाल फेस येत होता. जीभ दातांत सापडली होती. हलगीवाला थांबायचं सोडून अजून जोरात वाजवायला लागला.

देवळाचं सगळं पाहणारे दगडूआबा हात जोडून ओरडले, “वारं आलं. हौसाचं वारं सुनंकडं आलं.”

हौसा म्हणजे आमच्या आत्या. झालं, गाव माझ्या पाया पडायला लागला. कुणी कपाळावर मूठभर कुंकू थापलं, कुणी केसांत भंडारा ओतला. एक बाई माझे आपटणारे पाय धरून विचारत होती, “आई, माज्या लेकीला पोर कदी व्हईल त्ये सांग.” तिच्या तोंडावर माझी लाथ बसली. तिचा एक दात पडला आणि ती म्हणाली, देवीनं कौल दिला.

महेशने माझं तोंड उघडायला बोट आत घातलं. माझे दात हाडापर्यंत गेले. तो किंचाळला, रक्ताची चिळकांडी उडाली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “देवीला रगात पायजे व्हतं.”

तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी पुटपुटली, “मला फेफरं वाटतंय. चप्पल हुंगवा.”

आणि इथे सगळं अडलं. आमच्याकडे फेफऱ्याला चप्पल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि वाऱ्याला कुंकू, हेही ठाऊक. पण एकाच बाईला दोन्ही कसं करणार? फेफरं असेल आणि नुसतं कुंकू लावत बसलो तर बाई मरेल. देवी असेल आणि तिच्या नाकाला चप्पल लावली तर लावणाऱ्याचा हात झडेल. दवाखान्यात न्यावं म्हणावं, तर देवीला उचलून जीपमध्ये घालायचं आणि सुया टोचायच्या हे सांगणार कोण? पंचवीस माणसं उभी राहिली. मी आपटत होते. पोटातलं बाळ माझ्यासोबत आपटत होतं.

आत्या मागे ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. पायऱ्या उतरून चपलांच्या ढिगात गेल्या, स्वतःची रबरी चप्पल उचलली, टाचेला शेतातला चिखल लागलेला. ती घेऊन त्या देवळात चढल्या. देवीसमोर, अख्ख्या गावादेखत, ती चप्पल त्यांनी माझ्या नाकावर दाबून धरली.

“ही देवी न्हाई,” त्या म्हणाल्या. “माजी देवी मी वळखते. वारं आलेली बाई जीभ चावत न्हाई. तिला हितं लघवी व्हत न्हाई. ही आजारी हाय. जीप काढा.”

दगडूआबांनी त्यांचा हात धरला. “हौसा, गाव बुडवशील.”

आत्यांनी त्याच चपलेने आबांच्या कानाखाली लगावली. ऐंशीच्या घरातला माणूस, खांबावर जाऊन आदळला. “सून मरंल माजी,” त्या म्हणाल्या. “सरका.”

चपलेने मी थांबले असं गावात अजून सांगतात. डॉक्टर म्हणतात, झटका आपोआपच थांबतो, चपलेचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा वेळी बाईला कुशीवर वळवायचं, तोंडात बोट-चमचा काही घालायचं नाही आणि गाडी काढायची. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही.

रस्ता

रविवार म्हणजे आमच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. महेशच्याच तंबूंकडे निघालेली माणसं असतील त्यात. कामशेतच्या दिशेने जीप मुंगीच्या पावलांनी निघाली. जीपमध्ये मला दुसरा झटका आला. आत्यांनी मला मांडीत दाबून कुशीवर धरलं आणि माझ्या कोपराने त्यांची बरगडी मोडली. ते आम्हाला आठवड्याने समजलं, कारण त्या बोलल्याच नाहीत.

महेश खाली उतरून पुढच्या गाड्यांच्या काचांवर रक्ताळल्या हाताने थापा मारत पळत होता. एकाने आतूनच सांगितलं, “भैया, गाड़ी को हाथ मत लगाओ.” महेशने रस्त्याकडेचा दगड उचलला आणि त्या गाडीचा आरसा फोडला. मग मात्र वाट झाली. इतका मवाळ माणूस, घरात पाल मारायची तर मला हाक मारतो.

दवाखान्यात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मला कापलं. मला कुणी विचारलं नाही. सही महेशने डाव्या हाताने केली. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी भरलेली, आणि तिला काचेच्या पेटीत नेलं.

बांधलेले हात

शुद्ध आली तेव्हा माझे दोन्ही हात पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. डोळ्यांना धुरकट दिसत होतं. पोट हाताला लागत नव्हतं, पण ते रिकामं झाल्याचं कळत होतं. मला वाटलं, बाळ मेलं आणि मी ओरडू नये म्हणून बांधलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरले. आणि घाबरायची सवय नसल्यामुळे मी ते रागाने केलं. सिस्टर इंजेक्शन द्यायला आली, तिच्या पोटात लाथ घातली. तिचा चष्मा उडून फुटला. मैदानावर पोरींना जे शब्द बोलू देत नाही, ते सगळे मी तिला बोलले.

“शिव्या हव्या तेवढ्या द्या, मॅडम,” ती म्हणाली, “फक्त हलू नका. झटका परत येऊ नये म्हणून आहे हे. पोरगी जिवंत आहे तुमची.” आणि तिने सुई खोल घातली. निखारा आत ठेवावा तशी आग झाली. चोवीस तास ठरावीक वेळाने तो निखारा येत होता.

तिसऱ्या दिवशी हात सोडले. आया मावशी कोमट पाण्याची बादली घेऊन आली. माझ्या केसांत कुंकू, भंडारा आणि रक्त यांचा घट्ट लगदा झाला होता. ती बट बट सोडवत बसली. “कुणी घातलं गं एवढं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “भक्तांनी.” ती इतकी हसली की मीही हसले आणि टाके ओढले गेले. त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. पण माझी आई गेल्यानंतर केसांना तसा हात दुसऱ्या कुणाचा लागला नव्हता.

चौथ्या दिवशी महेश आला. हाताला मोठं बँडेज. दुसऱ्या हातात तो घडी केलेला कागद. दवाखान्याने जुने रिपोर्ट मागितले म्हणून त्याने माझी पर्स उघडली होती.

“हे काय आहे, रूपाली?”

मी उशाशी असलेला स्टीलचा पेला त्याच्या डोक्यावर फेकून मारला. नेम माझा चांगला आहे. त्याच्या भुवईतून रक्त आलं.

“मला सांगितलं असतंस तर?” तो म्हणाला.

“तर तू मला कापायला घेऊन आला असतास.”

“हो, आणलं असतं,” तो म्हणाला. भुवई पुसली आणि निघून गेला. दोन दिवस तो पेटीतल्या पोरीला बघून जायचा, माझ्या खोलीत यायचा नाही. त्याचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी मी सिस्टरकडून निरोप पाठवला, पेला लांब ठेवलाय, ये. तो आला, पण बराच वेळ दारातच उभा राहिला. मग मी त्याची माफी मागितली. मला ते जमत नाही, म्हणून दोनदा मागितली.

ताईंचाही फोन आला. त्या हळहळल्या, आणि मग म्हणाल्या, “मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी भीती राहून गेली असेल गं.”

“ताई,” मी म्हटलं, “भीती राहिलीच नाही, हाच तर घोळ झाला.” आणि फोन ठेवला.

पण मंत्र मी टाकला नाही. पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पाठीवर एक बोट ठेवायला परवानगी होती. दूध वाटीत काढून आत पाठवायचं, ते सिस्टर तिला थेंब थेंब पाजायची. मला करण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मी तोच मंत्र म्हणायचे, कारण पोटात असताना तिने तोच माझा आवाज ऐकला होता. काही मागण्यासाठी म्हणत नव्हते. प्रार्थनेवर माझा आजही विश्वास आहे. मात्र जिला कुणी विचारेल, प्रार्थना करू की गोळी घेऊ, तिला मी सांगेन, बाई, गोळी घेऊन प्रार्थना कर. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या, तर देव दिसला असं समजून घरी बसू नकोस. सिझर झालं तर ती हार नाही. पोटावर आडवी शिवण राहते, तेवढंच.

जत्रेनंतर

महिन्याने आम्ही घरी आलो. गावात आत्यांशी कुणी धड बोलत नव्हतं. दगडूआबांनी त्यांना देवळाची पायरी बंद केली नाही, पण जत्रेला त्यांच्या कपाळी कुणी मळवट भरला नाही. हलगी वाजली, धूप पेटला, आत्या सगळ्यांत मागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या अंगात काहीही आलं नाही. चप्पल घेऊन आत चढली त्या दिवशीच देवी तिला सोडून गेली, असं लोक आमच्या ओट्यासमोरून जाताना ऐकू येईल असं बोलायचे. मी एकीच्या झिंज्या उपटायला निघाले होते. आत्यांनी मला आत ओढलं.

जत्रेनंतरच्या एका दुपारी त्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. बरगडीला अजून पट्टा होता. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. मला त्यांचे उपकार फेडता येणार नव्हते, निदान मान द्यावा म्हणून मी म्हटलं, “आत्या, पंचवीस माणसांत तुम्हाला एकटीला कळलं ती देवी नाही ते. जीभ, लघवी, सगळं बरोबर हेरलंत.”

त्या सोलत राहिल्या.

“त्ये आबाला सांगायला काढलं,” त्या म्हणाल्या. “मला कुटं काय कळलं व्हतं? मला बी देवीच वाटली. चाळीस वर्सं वारं घेतलं, पन बाहीरनं कदी बघितलं न्हवतं.”

“मग चप्पल कशी लावलीत?”

“म्हटलं, देवी आसंल तर माजा हात झडंल. झडू दे. तू तितं मरत व्हतीस.”

मी मांडीवरच्या पोरीला सावरून घेतलं आणि विचारलं, “मग ती देवी नव्हती, हे तुम्हाला कळलं कधी?”

आत्यांनी वालाच्या पाण्याने भिजलेला उजवा हात पदराला पुसला आणि पोरीला घ्यायला पुढे केला.

“जीपमदी तुला धरलं तवा,” त्या म्हणाल्या. “बघितलं तर हात व्हता.”